बाबांचा सत्कार

अंटार्क्टिकाला गेलेल्या सुरुवातीच्या एका भारतीय मोहिमेत माझे बाबा भूवैज्ञानिक होते. परतल्यावर त्यांनी साहेबांच्या चुकीच्या नकाशावर सही करायला नकार दिला. साहेबांनी डूख धरला आणि बाबांना कायमचं भांडार विभागात बसवलं. पुन्हा एकाही मोहिमेवर पाठवलं नाही.

गेल्या वर्षी पनवेलमध्ये बाबांचा सत्कार ठरला, आणि त्यांना शाल पांघरवायला काठी टेकत नेमके तेच साहेब आले.

"यांना आम्ही घडवलं," ते माइकवर म्हणाले.

बाबा उठले. "तुम्ही मला कुजवलंत," एवढंच बोलून शाल न घेता ते खाली उतरले.

रिक्षात मी म्हणाले, "बाबा, म्हातारे झालेत ते. आता तरी सोडून द्या."

"का सोडू?" ते माझ्यावरच खेकसले.

पळस्प्याला घरी पोचेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.