मला न आलेला ताप

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर सुगीच्या सणाला एक उपकारस्तुती होते. ज्वारीची पहिली कणसं वेदीपुढे ठेवून झाली की कुणीतरी उठतं आणि सांगतं, निजामाच्या काळात देवाने मास्तरांना ताप देऊन नऊ जणांचे प्राण राखले. तो मास्तर मी. त्या नऊ जणांपैकी आज कुणी हयात नाही आणि माझं वय ऐंशीच्या पुढे गेलं आहे. गोष्ट सांगितली जाते तेव्हा मी मान खाली घालून बसतो, आणि लोकांना ती माझी नम्रता वाटते. तो ताप मला आलाच नव्हता. एवढं एक वाक्य पन्नासाहून अधिक वर्षं माझ्या तोंडातून निघालं नाही. प्रार्थनेला बसलो की देव आणि माझ्यामध्ये ते आडवं येई.

तेव्हा मी पंचविशीत होतो. आष्टीजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी, आणि मी मिशनच्या शाळेत शिकवत होतो. शाळेच्या कामासाठी एकदा हैदराबादेला जावं लागलं. तिथलं जुनं कॅथेड्रल, म्हणजे बिशपसाहेबांचं मोठं देऊळ, पाहण्याची मला फार ओढ होती. रविवारी सकाळी फाटकाशी पोहोचलो तर बग्ग्या आणि मोटारी उभ्या होत्या. साहेब, मडमा, शहरातले इस्त्रीच्या कपड्यांतले ख्रिस्ती लोक आत जात होते. माझं धोतर प्रवासात मळलं होतं. मला कुणी अडवलं नाही, हे मुद्दाम लिहितो. मीच थांबलो. उपासना संपेपर्यंत समोरच्या भिंतीच्या सावलीत उभा राहून आतलं गाणं ऐकलं आणि परत फिरलो.

गावी आल्यावर सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "मास्तर, आतून कसं हाय?" आत गेलो नाही असं सांगायची लाज वाटली. मी सांगू लागलो. उंच खांब सांगितले, रंगीत काचा सांगितल्या. बसायचं कसं, असं कुणी विचारलं तेव्हा आमच्या छोट्या देवळात जे चालतं तेच सांगितलं, की सगळे चपला-बूट दाराशी काढतात आणि सतरंजीवर बसतात, बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला. लोक खूश झाले. साहेबही आपल्यासारखाच खाली बसतो म्हणाले.

आणि त्यातूनच नऊ जणांनी माझ्यासोबत ते पाहायला जायचं ठरवलं. दर रविवारी उपासनेनंतर लिंबाखाली बेत चाले. परतूरहून कोणती गाडी धरायची, दशम्या किती दिवस टिकतील, जनावरांना वैरण कोण घालणार, सगळं मला विचारून. याकोबमामा सुताराला पानाची भारी सवय. तो म्हणाला, "मास्तर, तिथं पान खाल्लं तर बिशप रागवंल का?"

"रागवत न्हाई," रूथआत्या म्हणाली, "पर तुझी पिचकारी पाहून पुन्हा इलायतेला जाईल बिचारा."

रूथआत्या कुणाचीच सख्खी आत्या नव्हती आणि साऱ्या गावाची होती. एकटी विधवा बाई. तरुणपणी जालन्याच्या छावणीत एका साहेबाच्या घरी आया होती. जाण्याची सगळ्यांत जास्त घाई तिला. "जल्दी करा रे," म्हणायची, "माझे गुडघे वाट पाहून राह्यलेत."

जसजसा दिवस जवळ आला तसतशी माझी झोप उडाली. दाराशी पोहोचताच माझं खोटं उघडं पडणार होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी घोंगडी ओढून पडलो आणि ताप आला म्हणालो. वाट मलाच ठाऊक, शहर मीच पाहिलेलं. माझ्यावाचून कुणी निघायला धजेना. बेत मोडला.

दुपारी आत्या आली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "ताप न्हाई. तू आत गेलाच नव्हतास ना, लेकरा?"

मी घोंगडी आणखी वर ओढली.

"मला पहिल्याच दिशी कळलं. साहेब देवळात टोपी काढतो. बूट न्हाई काढत."

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

ती खाटेशी बसली. छावणीत असताना मडमेचं लेकरू घेऊन ती दर रविवारी देवळाच्या व्हरांड्यात उभी राहायची. लेकरू रडेल म्हणून आत यायचं नाही, असा हुकूम होता. सहा वर्षं तिने उपासना भिंतीपलीकडून ऐकली. "तू भाईर उभा राह्यलास, हे मला बराबर उमगलं," ती म्हणाली. "म्हणून तर यायचं होतं. आपण दोघं संगं आत गेलो असतो."

मी घोंगडीत तोंड खुपसून रडलो. त्या क्षणी उठलो असतो तर गाडी अजून मिळाली असती. मी उठलो नाही.

त्याच आठवड्यात शहरात पटकीची साथ सुटली. जिथे उतरायचं ठरलं होतं त्या धर्मशाळेतली माणसं दगावली, अशी बातमी आली. मंडळी धावत माझ्या दारी आली, गुडघे टेकले, माझ्या तापाबद्दल देवाचे आभार मानले. आत्या मागे उभी होती. सगळे गेल्यावर मी विचारलं, "सांगून टाकू का?"

"तुला झेपंल तवा सांग. मी न्हाई सांगणार."

पुढच्या सुगीच्या आधी ती गेली. ते देऊळ तिने पाहिलं नाही. तिच्यानंतर मला पूर्ण ओळखणारं माणूस उरलं नाही. लोक मान देत राहिले आणि त्या मानात मी एकटा पडत गेलो. ज्याचे ते आभार मानत, तो मास्तर मी नव्हतो.

यंदा सुगीच्या सणाला मी स्वतः उठलो आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर पाळकांनी घाईने आशीर्वाद दिला. लोक माझ्या बाजूने वाट काढून निघून गेले. याकोबमामाची लेक सारा तेवढी थांबली. तीही आता म्हातारी आहे.

"मास्तर, आमचा बाप तर वाचला ना?"

"वाचला."

"मंग देवाचे आभार मानायचे का बंद करायचे?"

"माना," मी म्हणालो. "माझं नाव तेवढं काढा."

वाचवणारा देवच होता, यात मला शंका नाही. कसा, ते मी विचारत नाही. माझ्यापुरती त्याची कृपा मात्र त्या दुपारी आली होती, जेव्हा माझं खोटं ओळखूनही एक बाई माझ्या उशाशी बसून राहिली. ती कृपा घ्यायला मला आयुष्यभर वेळ लागला. देवापुढे गुडघे टेकायला धैर्य लागत नाही, नुसतं लपणं सोडावं लागतं.

पुढच्या रविवारी, सण नसतानाही, साराने ती उपकारस्तुती पुन्हा केली, माझ्या नावाशिवाय. या प्रार्थनेला मी आजवर कधी आमेन म्हणू शकलो नव्हतो. त्या दिवशी म्हणालो, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.