छत्री उघडायच्या आत

चाकणला एमआयडीसीच्या मागे शेड भाड्याने घेऊन मी बटण मशरूम लावले. पहिली तोड दुसऱ्या दिवशी सकाळी करायची होती आणि आदल्या दुपारीच कूलिंगचा कॉम्प्रेसर जळाला.

बटण मशरूमला थंडी लागते. ती गेली की टोपी खालून सुटते, छत्री उघडते आणि अशा मालाला हॉटेलवाले हात लावत नाहीत. एप्रिलचं ऊन. पत्रा तडतडत होता. आठवीत शाळा सोडून परभणीकडून आलेला माणूस मी. कंपनीतलं ठेकेदाराकडचं काम सोडून हे मांडलं होतं. हा माल गेला तर शेड सुटणार, हे पक्कं होतं. गावाकडे काय तोंड दाखवायचं, ते त्याच्या पुढचं.

मेकॅनिक म्हणाला, पार्ट भोसरीहून आणावा लागेल, उद्या बघू.

मग मी आमच्या मशरूम उत्पादक संघाच्या अध्यक्षांना फोन लावला. संघ म्हणजे थेरगावात एका दुकानावरची खोली, महिन्याची बैठक, चहा आणि दरावरून भांडणं. मी सगळ्यांत नवा, दाराजवळ बसणारा. संघाचा एक नियम मात्र कुणी मोडत नसे. दुसऱ्याच्या मशरूमच्या खोलीत जो गेला, त्याने त्या दिवशी स्वतःच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. कपड्यांवरून हिरवी बुरशी जाते आणि एकाचा रोग सगळ्यांचा होतो. म्हणून माणसं पाठवा, असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी इतकंच विचारलं, दारं उघडून वारा घेऊ का?

अध्यक्ष इथलेच, जुन्या गावातले. म्हणाले, "दारं उघडू नगं, माशा शिरतील. बर्फ आणून ठेव. आन् सुऱ्या गरम पाण्यानं धुऊन घे."

सुऱ्या कशाला, ते सांगितलं नाही. फोन ठेवला.

बर्फाच्या लाद्या आणून पंख्यापुढे ठेवल्या. तरी तापमापीचा काटा वर सरकतच होता. मी दर थोड्या वेळाने एखादी टोपी उलटून बघायचो. खालचा पातळ पडदा ताणला होता, फाटला नव्हता. देवाचं नाव घेत होतो, पण लक्ष त्या पडद्यात.

दारात टेम्पो थांबला. पुढे पिंपळे सौदागरचे इंजिनिअर साहेब, संघातले मोठे उत्पादक. मला सभासद करून घेताना हेच म्हणाले होते, भाड्याची शेड, आज आहे उद्या नाही. मागून त्यांच्याकडच्या तोडणीच्या बाया उतरल्या.

साहेब म्हणाले, "बघत काय उभा राहिलास भावा, क्रेट काढ."

बाया आत शिरल्या. टोपी धरून हलकेच पिळायची, बुडखा कापायचा, क्रेटमध्ये टाकायची. हात भराभरा चालत होते. एकीने मला सुनावलं, दादा, तुम्ही त्या मशरूमच्या पिशवीपाशी उभं राहून सावली देऊ नका, तेवढ्याने काही गार होत नाही. बाकीच्या हसल्या. मला हसू आलं नाही. शेवटच्या रांगेत छत्र्या उघडायला लागल्याच होत्या. तेवढा माल गेला. बाकीचा बंद टोपीचा साहेबांच्या कोल्ड रूमकडे निघाला.

टेम्पोत बसता बसता एक बाई दुसरीला म्हणाली, आपल्याकडची पूर्वेची खोली तर आज संध्याकाळी तोडायची होती. मी साहेबांकडे पाहिलं.

"तुमची तोड?"

"या आता आत जाऊ शकत नाहीत. नियम आहे ना. सकाळपर्यंत उघडेल बरीचशी."

माझ्या मालातला हिस्सा घ्या, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी हात झटकला.

"मला अध्यक्षांनी सांगितलं, मी आलो. तुला सांगतील तेव्हा तू जायचं. तुझी तोड असली तरी."

माल दुसऱ्या दिवशी हॉटेलांना विकला गेला. शेड राहिली. त्या माणसांचे उपकार मी रोज आठवतो, पण सुखाने नाही. तो फोन मला अजून आलेला नाही. तोडीच्या दिवशी खिशात मोबाइल वाजला की हातातली सुरी थांबते. कारण अध्यक्षांचा आवाज असला तर मी हो म्हणणार आहे, आणि मागे माझ्या टोप्यांचे पडदे ताणलेले असतील.