ब्रेकबाबत अंतिम अधिकार

सदर इसम वयाने पन्नाशीच्या अलीकडे, बांध्याने बराच पलीकडे. धंदा : गाड्यांची दुरुस्ती. ओळखीची खूण : घराचे दार लावल्यावर शेजाऱ्यांना कळते. वर्तणूक आवाज वगळता समाधानकारक. आसपासच्या समस्त वाहनांच्या ब्रेकबाबत अंतिम निर्णय देण्याचा अधिकार सदर इसमाकडे असून त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय नाही.

लोक त्यांना मिस्त्री म्हणतात. त्यांची आई ‘हातोडा’ म्हणते. घरातला एकही नळ त्यांच्या हातून धड बंद झालेला नाही. एक तर गळत राहतो, नाही तर चावी हातात येते. गॅरेजमध्ये मात्र हाच जोर कामाला येतो. गंजून बसलेले नट त्यांना नुसते बघून ढिले पडतात. ब्रेक तपासायची त्यांची रीत सरळ आहे : सीटवर बसायचं, झुरळ दिसल्यासारखा पेडलवर पाय हाणायचा आणि पेडल जागेवर राहिलं की ‘चांगलाय’ म्हणून उतरायचं.

गॅरेजला लागूनच त्यांच्या बायकोचं काचांचं दुकान. खिडक्यांच्या काचा, आरसे ती स्वतः कापते आणि म्हाताऱ्या पिकअपमधून स्वतःच पोचवते. गाडी अशी अलगद चालवते, की मागचे लोक हॉर्न वाजवून दमतात; पण तिच्या हातून काच फुटल्याचं ऐकिवात नाही. दुकानात दिवसभर गप्प असणारी ही बाई पिकअपमध्ये बसली की गाणी म्हणते.

या बाई हल्ली सांगत होत्या, की ब्रेक दगा देतोय. सिग्नलला पेडल दाबून उभं राहावं, तर ते सावकाश खाली जातं आणि गाडी पुढे सरकते. मिस्त्रींनी पाय हाणला. पेडल दगडासारखं. चाकं उघडली, नळ्या चाचपल्या, ब्रेक ऑइल बघितलं. ते काठोकाठ, गळती थेंबाचीही नाही. निकाल लागला : गाडीत दोष नाही. मग तो कोणात आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. सोमवारपासून ड्रायव्हर ठेवतो, तू काउंटर सांभाळ, एवढंच म्हणाले. ड्रायव्हर म्हणजे त्यांचा मावसभाऊ. पायाच्या बाबतीत त्याच घराण्यातला.

बायको भांडली नाही. काउंटरची काच पुसायला लागली. ती पुसतच राहिली, तेव्हा सासूबाईंनाच राहवेना. सूनबाई एवढं सांगतेय तर एकदा तिच्यासारखा दाबून बघायला तुझं काय जातंय, असं त्यांनी लेकाला सुनावलं.

शनिवारी दुपारी पिकअप गॅरेजसमोरच्या उतारावर उभी होती. मागे नाचाच्या क्लासचा भलामोठा आरसा, जुन्या रजयांत गुंडाळलेला.

“हळू दाबा,” बायको म्हणाली.

“हळू म्हणजे किती?”

“शेजारी बाळ झोपलंय असं समजून.”

“अगं, ब्रेक दाबायचा असतो, गोंजारायचा नसतो,” असं म्हणून मिस्त्रींनी गाडीच्या मजबुतीचा पुरावा म्हणून पुढच्या टायरला लाथ घातली. पायात चप्पल होती. टायर खरोखरच मजबूत निघाला.

मग ते लंगडत सीटवर चढले. बायको शेजारी बसली. त्यांनी हँडब्रेक सोडला आणि पेडलवर पाय ठेवला. अंगठा एवढा ठणकत होता, की आयुष्यात पहिल्यांदाच तो पाय अलगद पडला. पेडल जरा थांबलं, आणि मग जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखं सावकाश खाली निघालं. पिकअपही निघाली, समोर गॅरेजची पाटी होती तिकडे.

बायकोने हँडब्रेक ओढला. मागचा आरसा किणकिणलासुद्धा नाही.

“हे,” ती म्हणाली. “हे सांगत होते मी.”

मिस्त्रींनी पुन्हा हळू दाबलं. पेडल तळाला. डावा पाय हाणून पाहिला. पेडल दगड.

“हा ब्रेक माणूस बघून वागतो,” ते म्हणाले.

“तुझ्या धाकाने ताठ उभा राहत होता,” आई दारातून म्हणाली. “घरात आम्ही सगळे राहतो तसा.”

मास्टर सिलेंडर खोलल्यावर उलगडा झाला. पेडल दाबलं की तेल चाकांकडे ढकलणारं आतलं रबर झिजलं होतं. जोराचा दणका बसला की ते फुलून भिंतीला चिकटायचं आणि ब्रेक लागायचा. हळू दाबलं की तेल त्याच्या कडेने गुपचूप मागे यायचं. सगळा चोरीचा मामला आतल्या आत. बाहेर थेंब कुठून दिसणार?

नवं रबर बसलं आणि संध्याकाळी आरसा क्लासवर पोचला. गाडी बायकोने चालवली. मिस्त्री सुजलेला अंगठा सांभाळत शेजारी बसले होते आणि प्रत्येक सिग्नलला रिकाम्या जागी डावा पाय हाणत होते. ती गाणं म्हणत होती, त्यामुळे तिच्या लक्षात आलं नसावं. मावसभावाला जागा नसल्याचं कळवण्यात आलं.

गॅरेजच्या पाटीवर अजून मिस्त्रींचंच नाव आहे. ब्रेक बायको तपासते.