आत्याबाईंचे उपास

मूठ आवळून छातीच्या खाली, पोटाच्या बेचक्यात दाबायची, पुढे वाकायचं आणि दवाखान्याच्या पायरीवर बसायचं. कोणी विचारलं की म्हणायचं, "मला काई न्हाई. उगंच बसले."

आत्याबाईंचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढे पुढे ते कानावर पडलं तरी माझं डोकं तापायचं.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट. आष्टीच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. आत्याबाई तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आल्या होत्या आणि भावाची सारी शेती त्याच पाहत. गाव त्यांना आत्याबाईच म्हणे. कापसाच्या वेचणीला पंधरा बाया लावून स्वतः सोळाव्या ओळीला उभ्या राहायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती सगळ्या गावाला औषध घ्यायला लावतात आणि स्वतः घेत नाहीत.

आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांना मराठी समजायची, पण आत्याबाईंची समजत नसे, म्हणून मधे मी. दुखतं कधी, असं त्यांनी विचारलं. रिकाम्या पोटी, पहाटे पहाटे, आत कोणी विस्तव ठेवल्यासारखं. आणि थांबतं कधी? दोन घास खाल्ले की थांबतं. मग खात का नाही, असं साहेबांनी विचारल्यावर आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू साहेबांना साधा वारही कळत नाही.

"आज सोमवार हाय."

सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि दोन्ही एकादशा. शिवाय उपास सोडताना ठेचा आणि भाकरी, आणि दिवसातून तीनदा दातांना तंबाखूची मिश्री. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. जठराच्या पुढे, आतडं सुरू होतं तिथे जखम आहे, असं त्यांनी मला सांगितलं. पोट रिकामं राहिलं की आतलं आंबट त्या जखमेवर उतरतं, खाल्लं की तेवढ्यापुरतं शांत होतं. मी हे आत्याबाईंना मराठीत नीट समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मंग बराबर हाय. उपास सोडला की थांबतं, म्हंजी देवाला पोचला."

साहेबांनी उपचार सांगितला. सहा आठवडे अंथरुणावर पडून राहायचं, दर तासाला दूध, मधे पांढऱ्या पावडरची पुडी, तिखट नाही, मिश्री नाही, उपास तर नाहीच. चार दिवसांनी मी घरी गेलो तर आत्याबाई गोठ्यात शेण काढत होत्या. दूध शेजारच्या बाळंतिणीला जात होतं. पुड्या त्यांनी भावाला दिल्या होत्या, कारण त्यालाही ढेकर येत. मी इतका चिडलो की परतताना चप्पल त्यांच्याच अंगणात विसरलो.

वेचणीच्या दिवसांत त्या शेतात चक्कर येऊन पडल्या. गाडीत घालून आणलं तेव्हा ओठ पांढरे पडले होते. खूप खोदून विचारल्यावर कळलं, की आठ दिवस परसाकडे डांबरासारखं काळं होत होतं. सांगितलं का नाही, तर म्हणे, "कारळाची चटणी खाल्ल्ती. म्हणलं तिचंच आसंल."

ते रक्त होतं. साहेबांनी त्यांना हैदराबादला न्यायला सांगितलं. तिथे पांढरं काहीतरी पाजून पोटाचा फोटो काढतात, लागलं तर कापून दुरुस्त करतात. आत्याबाईंनी मान हलवली. निदान एक तरी उपास सोडा, असं मी म्हणालो.

"कोणाचा सोडू?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. मग त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या. सोमवार भावाचा. गुरुवार भाच्याचा. शनिवार बैलांचा. चतुर्थी भावजयीची, तिची दोन लेकरं गेल्यावर तिसरं जगलं म्हणून. एकादशा मालकांच्या. ते गेले होते, पण म्हणून काय त्यांना उपाशी ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि उपाशी कोण राहत होतं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "मग एक माझ्यासाठी धरा. सहा आठवडे नुसत्या दुधावर. दर तासाला प्यायचं, उठायचं नाही, मिश्री बिलकुल नाही. दूध उपासाला चालतं ना?"

"तुला काय झालं?"

"वैताग झालाय. तुमचा."

त्या हसल्या नाहीत. "तुजी आई न्हाई का धराया?"

आई मी चार वर्षांचा असताना गेली होती. मी तसं सांगितलं.

"आन मला आत्ता सांगून राह्यला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दूध धरलं. एक तासही चुकवला नाही. भावजय सांगायची, की कोणी दूध आणायला उशीर केला तर पडल्या जागेवरून ओरडायच्या, कंपाउंडरचा उपास मोडेल म्हणून. सहा आठवड्यांनी गालावर रंग आला. तिखट सोडलं, मिश्री सोडली, आणि साहेबांच्या सांगण्यावरून इतर उपासांनाही दूध घेऊ लागल्या. मी जिंकलो, असं समजून चाललो.

पुढे माझी बदली अंबडला झाली. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा भाचा दारात उभा राहिला. आदल्या आठवड्यात आत्याबाईंच्या पोटात अचानक सुरी फिरल्यासारखी कळ आली, पोट फळीसारखं कडक झालं. जालन्याला न्यायला गाडी जुंपली होती. वाटेतच गेल्या.

मी भडकलो. उपाशी असतील, मला ठाऊक होतं, ठेचा खाल्ला असेल, पुड्या कुणाला तरी दिल्या असतील. सगळं मनात तयार होतं. वार कोणता होता, मी विचारलं.

"बुधवार. दूधभात खाल्ल्ता त्यांनी. पुडीबी घेतल्ती."

मी त्याच्यावरच ओरडलो, एवढ्या उन्हात डोक्याला काही न बांधता चालत का आलास म्हणून. मी त्याला आत बसवलं आणि पाणी आणायला गेलो, तर तांब्या कुठे ठेवलाय ते मला दिसेचना.