माझ्याच नियमाने माझी हकालपट्टी
तमाम नाशिककरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, एकलहऱ्याच्या आमच्या कॉलनीतल्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकपदावरून मला हटवण्यात आले आहे. नियम मीच लिहिला होता: सलग तीन सामने हरणाऱ्या प्रशिक्षकाने जावे, पण बदली माणूस मिळाल्यावरच. असा माणूस मिळणार नाही, याची मला खात्री होती.

तिसऱ्या पराभवानंतर मैदानावरच सभा भरली. बदली व्हायला कोणीच पुढे येईना. मी मनातल्या मनात चौथ्या सामन्याचा संघही निवडायला घेतला. तेवढ्यात, प्रत्येक सामना कठड्यावर बसून बघणारी माझी बायको उठली.

"मी तयार आहे. टॉस जिंकूनसुद्धा तिन्ही वेळा आपल्या गोलकीपरला मावळत्या उन्हाकडे तोंड करून कोणी उभं केलं?"

डोळे चोळत गोलकीपर ओरडला, "वहिनी, शिट्टी घ्या, आत्ताच्या आत्ता घ्या!"