झाकणाचा शेवटचा स्क्रू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोटारसायकलचा एक स्क्रू सोडवणं. तो सुटला नाही.

सकाळची वेळ. गाडी दारात मोठ्या स्टँडवर उभी. क्लचप्लेटा झिजल्या होत्या. एकटा बसलो तर गाडी चालायची, दोघं बसलो की नुसती बोंबलायची, पुढं सरकायची नाही. आणि रविवारी मोहोळला जायचं ठरलं होतं, बायकोच्या थोरल्या बहिणीकडं. त्या आक्का अंथरुणाला खिळलेल्या. एसटीनं जाऊ म्हटलं तर बायको म्हणाली, "मला गाडीवरनंच जायचंय. वाटंत थांबून च्या तरी पिता येतो." म्हणून मी इंजिनाचं झाकण खोलायला बसलो. शाळा मी चौथीत सोडली, पुढं सगळा जन्म गिरणीत मागावर गेला. लोखंड खोलायचं भ्या मला नाही.

जोर लावला की गाडी हलायची. म्हणून बायकोला सीटवर बसवायचं, ही आमची जुनी पद्धत. ती वर बसून लसूण सोलायची, मी खाली. बाकीचे स्क्रू आले. खालच्या कोपऱ्यातला हटून बसला. मी दात खाऊन जोर केला तसा स्क्रूड्रायव्हर गरकन फिरला आणि स्क्रूच्या डोक्यावरची फुली पार गुळगुळीत झाली.

"गेलं?" ती वरनं म्हणाली.

"गेलं. तू हललीस."

"मी हलले व्हय! तुमचा हात थरथरतोय, ते सांगा की."

"गप बस."

"बसलेच हाय की मगापासनं. तेल सोडा त्यात जरा."

"रॉकेल मिळतंय का आता कुटं?"

"शेंगातेल हाय की घरात."

"त्यात भजी तळ. गाडीला लावायचं न्हाय ते."

मी नव्या पेठेकडं जाऊन गंज सोडवायच्या फवाऱ्याचा डबा घेऊन आलो. आल्यावर तिनं वाढलं. भाकरी वाढताना तोंडातल्या तोंडात हसत होती. म्हणाली, "आता सुटंल बगा तुमचा स्क्रू." मला वाटलं, आणलेल्या डब्याचं बोलतीय. जेवून ती आडवी झाली, ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं.

आक्कांना येता आलं नाही. धाकट्या बहिणीचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. त्यांचा सारखा निरोप यायचा, पावण्यांना या म्हणावं, माझ्यासमोर बसून सांगा म्हणावं. मी म्हणायचो, गाडी झाली की जातो. लेक म्हणायचा, मेकॅनिककडं टाकू, तो ड्रिल मारून काढंल. तेही मला नको होतं. खरं म्हणजे तिथं जाऊन काय सांगायचं हेच उमगत नव्हतं. जेवली, आडवी झाली, गेली. एवढंच सांगायला त्या माउलीसमोर जाऊन बसायचं?

शिवाय घरी येईल ते माणूस बायकोला देवी करून जायचं. गरीब होती, कधी उलटून बोलली नाही. उलटून बोलली नाही? मनात म्हणायचो, ही बाई कोण बाबा? पण रोज रोज तेच ऐकून माझ्याही डोक्यात ती हार घातलेल्या फोटोतली गरीब बाई बसायला लागली. माझी बायको कशी बोलायची ते आठवायला बसावं लागायचं.

दिवाळीनंतर आक्कांचा निरोप आला, "आता मला जास्त थांबवत न्हाई." तेव्हा मात्र उठलो. फवारा मारला, काही नाही. छिन्नी लावून हातोडीनं ठोकलं, काही नाही. मग पेट्रोलची टाकी काढून लांब परसात ठेवली, गॅसवर एक सळी लाल केली आणि स्क्रूच्या डोक्यावर टेकवली. गाडी धरायला कोणी नव्हतं. सून पुढं आली. "मामा, मी बसू का सीटवर?" ती बसली. अवघडून, पदर आवरून.

सळी टेकवली तसा धूर निघाला. सून नाक वर करून म्हणाली, "मामा, शेजारी कोण भजी तळतंय?"

कोणी तळत नव्हतं. वास गाडीतनं येत होता.

छिन्नी कडेला लावली, उलट्या दिशेनं तीन ठोके दिले, स्क्रू करकरला आणि फिरला. हातात घेऊन बघितलं तर आट्यांवर पिवळा चिकट थर, शेगडीवर तेल सांडून वाळतो तसा. मी पेठेत गेलो तेवढ्यात बयेनं शेंगातेल वतलं होतं. ते आत वाळून डिंक झालं, आणि मी त्या डिंकाशी झुंजत होतो.

"अगं, तुला नको म्हटलं होतं की!" मी दारात उभा राहून ओरडलो. "कधी ऐकलंस का माझं? एकदा तरी?"

सून घाबरून खाली उतरली. मी ओरडतच होतो. ती मेल्यापासनं मी तिच्यावर चिडलो नव्हतो. त्या दिवशी पोटभर चिडलो. आणि ती सीटवर लसूण सोलत बसल्यासारखी दिसली, तोंडातल्या तोंडात हसत. मग पायरीवर बसून तोंड पुसलं, नव्या प्लेटा घातल्या, नवा स्क्रू ग्रीस लावून बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहोळला गेलो. वाटेत थांबून चहा घेतला. आक्का खाटेवर होत्या. म्हणाल्या, "सांगा पावणं. शेवटाला काय झालं?"

मी स्क्रूचं सांगितलं. लसूण, शेंगातेल, नको म्हटलेलं, हसत वाढलेली भाकरी, सगळं. आक्का डोळे मिटून ऐकत होत्या.

"बापाच्या घड्याळात बी हिनंच वतलं हुतं," त्या म्हणाल्या. "ल्हानपणी. मार मी खाल्ला."

खिशातला जुना स्क्रू मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला.

"व्हय," म्हणाल्या. "तिचंच काम हाय."