राबाची आग

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही – आणि ती तर माझ्या शर्टाच्या वासावरून मी कुणाच्या ओटीवर बसून आलो ते सांगते. मग तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. ऐका म्हणजे झालं.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, उतारावर माझी आंब्याची बाग आहे. नव्वदच्या दशकात सरकारी फळबाग योजनेतून लावलेली. खड्डे आपण खणायचे, कलमं सरकार देणार, आणि झाडं जगली तर पुढच्या वर्षी अनुदानाचा हप्ता. त्या हप्त्याच्या भरवशावर मी घराची कौलं उतरवून बसलो होतो. पावसाळा तोंडावर, आणि डोक्यावर आभाळ.

अशात बागेला आग लागली.

वरच्या वाडीतला कोंडीबा शेरडं राखायचा. माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. धूर बघून तो धावत उतरला आणि ओल्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून त्यानं आग विझवली. निम्मी कलमं वाचली ती त्याच्यामुळं. हातांना फोड आले होते त्याच्या.

दोन दिवसांनी शेतकी खात्याचे साहेब पाहणीला आले. म्हणाले, तुमच्याच चुकीनं जळलं असेल तर अनुदान बंद. दुसऱ्यानं लावली असेल तर बघू. सगळा गाव उभा होता. हाताला फडकी गुंडाळून कोंडीबाही आला होता.

मी म्हणालो, "मी आलो तेव्हा हा इथंच होता, साहेब."

यात खोटं काय आहे? एक अक्षर नाही! पण शेरडंवाले नव्या गवतासाठी डोंगर पेटवतात, असं आमच्याकडं सगळेच धरून चालतात. ते काय समजतील हे मला पक्कं ठाऊक होतं.

"आरं, मी तर इझवाया आलतो," कोंडीबा म्हणाला. "सांग की रे सायबाला."

मी खालची राख बघत राहिलो.

आग माझी होती. बागेखालच्या तुकड्यात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून मी राब भाजायला घेतला होता. वारा पडेपर्यंत थांबायला हवं होतं – नाही थांबलो. पेटवून दिला आणि जांभळीखाली जाऊन आडवा झालो. झोप लागली. जाग आली तेव्हा वर कोंडीबा एकटा आगीशी झुंजत होता.

हप्ता मिळाला. कौलं चढली. गावानं कोंडीबाच्या शेरडांना आमच्या पऱ्यावर, म्हणजे गावच्या ओढ्यावर, पाण्याला यायची बंदी केली. उन्हाळ्यात वरच्या वाडीला दुसरं पाणी कुठलं? पावसाआधीच त्यानं शेरडं विकली. मुलगा शाळा सोडून मुंबईला गेला. आणि पोरंटोरं कोंडीबाला 'आगलाव्या' म्हणू लागली. मी कधी कुणाला हटकलं का? नाही.

तो मात्र वाटेत भेटला की आपणहून विचारायचा, "आंबा धरला का रे औंदा?"

काही वर्षांनी तो वारला, भर पावसात. सरण ओलं, काही केल्या पेटेना. मागून कुणीतरी हळूच बोललं, "आगलाव्या हाय, आन् पेटत नाय."

माणसं तोंडावर हात धरून हसली. त्याच्या मुलानं मागं वळून पाहिलं.

मी हसत होतो.